मोझेलकाठची सायकल सहल: कुणी केली आहे का?

प्रेषक: मुग्धा
विषय: मोझेलकाठची सायकल सहल: कुणी केली आहे का?

नमस्कार मंडळी,

यंदा दसरा गुरुवारी आणि ३ ऑक्टोबरची इथली जर्मनीची राष्ट्रीय सुट्टी शुक्रवारी. सोमवारी रजा टाकली की चार दिवस मोकळे. ट्रिअरहून मोझेल नदीच्या काठाकाठाने कोब्लेन्झपर्यंत सायकलने जावं असं घाटतंय. तीन घरं मिळून आठ जण आहोत. सहा धडधाकट, एक माझी दहा वर्षांची लेक, आणि पुण्याहून आलेल्या सासूबाई (वय ६६. नोकरीची सगळी वर्षं सायकलनेच गेल्या, त्यामुळे इथली ई-बाइक म्हणजे त्यांना लाड वाटतो).

नवऱ्याने एक्सेल शीट केली आहे. चार दिवसांत नऊ किल्ले, सहा वाइन सेलर. मला नुसती शीट बघूनच धाप लागली. एवढं जमतं का? मुक्काम कुठे करावेत? आणि आमच्यातले तिघं शाकाहारी, दोघं थेंबालाही शिवत नाहीत, त्यांनी तिथे जाऊन काय करायचं?

मुग्धा

प्रेषक: विलासकाका
विषय: उत्तर: मोझेलकाठची सायकल सहल

मुग्धा,

शीट आधी मिटव. मी हा रस्ता चारदा केलाय, आणि ज्या खेपेला किल्ले मोजत गेलो त्या खेपेचं मला काहीच आठवत नाही.

आधी अंतराचं. ट्रिअर ते कोब्लेन्झ नदीने जवळपास १९० किलोमीटर आहे, सायकलवाटेने थोडं जास्त भरतं. चार दिवसांत हे आरामात होतं, कारण वाट पाण्याला धरून आहे आणि चढ नसल्यातच जमा. काठावर किलोमीटरच्या पाट्या आहेत, त्यांचे आकडे कोब्लेन्झच्या संगमापासून मोजलेले. ट्रिअरला १९१, कोखेमला ५१. लेकीला त्या पाट्या वाचायचं काम दे, 'अजून किती राहिलं' हा प्रश्न परस्पर मिटेल.

पण एक गोष्ट नकाशात पटकन ध्यानात येत नाही. रेल्वे सगळीकडे नदीसोबत नाही. श्वाइशनंतर गाडी डोंगरातून विटलिशकडे निघून जाते आणि थेट बुलायला परत भेटते. मधल्या पट्ट्यात कुणाचा गुडघा बोलायला लागला तर स्टेशन शोधू नका. ट्राबेन-ट्रारबाखहून बुलायपर्यंत एक छोटी गाडी आहे, शिवाय मागे सायकलींचा ट्रेलर लावलेली रेजिओराडलर बस असते. तिची जागा आधी आरक्षित करा, आठ सायकली आयत्या वेळी मावत नाहीत. बुलायच्या पुढे मात्र चिंता नाही, गाडी कोब्लेन्झपर्यंत साथ देते. फक्त एलर ते कोखेम ती ४.२ किलोमीटरच्या बोगद्यात शिरते. ती पाच मिनिटांत पलीकडे, आणि आपण नदीच्या वळणाने वीसेक किलोमीटर. तो बोगदा १८७९ चा आहे. सासूबाई दमल्या तर त्या दिवशी तिथे सूट घ्या.

मुक्काम: पहिला पीसपोर्टच्या आसपास, दुसरा ट्राबेन-ट्रारबाख, तिसरा कोखेम. बेट अँड बाइकची पाटी असलेल्या घरी सायकलींना कुलुपबंद जागा मिळते आणि एका रात्रीसाठीही कुणी नाक मुरडत नाही.

आता किल्ले. वाटेत जे दिसतील त्यातले बहुतेक पडके आहेत, आणि ते काही म्हातारपणाने पडले नाहीत. चौदाव्या लुईच्या फौजेने ते जाळले, उडवले. कोखेमचा किल्ला पडला तो १६८९ साली. आपल्याकडे संभाजीराजांना मारलं आणि रायगड हातचा गेला, तेच साल. मला दर वेळी त्या पुलावर उभं राहिलं की हे आठवतं, इलाज नाही. आज जो कोखेमचा कळसांचा, बुरुजांचा देखणा किल्ला फोटोत दिसतो तो बर्लिनच्या राव्हने नावाच्या व्यापाऱ्याने १८६८ मध्ये पडका विकत घेऊन नव्याने बांधलाय. खालून छान दिसतो. वर गेलाच नाहीत तरी चालेल. ज्याला पडकंच बघायचंय त्याने बाइलश्टाइनला नदी ओलांडून जावं. फेरी आहे, सायकल घेतात, आणि गाव चिमुकलं आहे.

एल्ट्सच्या किल्ल्यासाठी मात्र चौथ्या दिवसाची सकाळ राखून ठेव. तो नदीवरून दिसतच नाही, म्हणून लोक पुढे निघून जातात. मोझेलकेर्नला आत वळायचं, गाव संपल्यावर गिरणीपाशी सायकली लावायच्या आणि ओढ्याच्या कडेने रानातून पायी पाऊण-एक तास. एका वळणावर झाडी संपते आणि समोर एकदम तो उभा. जुन्या ५०० मार्कांच्या नोटेवर तोच होता. एकदाही पडलेला नाही, आणि आठशेहून जास्त वर्षं त्याच घराण्याकडे आहे.

पण मला तो आवडतो वेगळ्याच कारणाने. हा किल्ला म्हणजे आपला वाटणीचा वाडा आहे. १२६८ च्या आधीच तीन भावांत वाटणी झाली, आणि एकाच कातळावर प्रत्येक शाखेने आपापलं घर उभं केलं. जागा वाढवायला वाव नाही, म्हणून घरं वर वर चढत गेली. मधला चौक सामाईक. त्या चौकात उभं राहून वर बघ, एक खिडकी दुसऱ्या खिडकीशी जुळत नाही. सगळ्यांनी मिळून वापरायचं एक दालन आहे, त्यात भिंतीवर विदूषकांचे चेहरे, म्हणजे इथे कुणीही मनातलं बोलावं. आणि दारावर कोरलेला गुलाब, म्हणजे बोललेलं बाहेर न्यायचं नाही. आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेला एक गुलाब घ्यायला हवा, खर्चाला मी अनुमोदन देतो.

आणि एक: पिऊन सायकल चालवणं हा इथे गुन्हा धरतात. रक्तातली दारू १.६ पर मिलच्या (हजारात १.६ भाग) वर गेली तर थेट गुन्हा, आणि सायकल हेलकावे खात असेल तर ०.३ लाही. गाडीच्या परवान्यापर्यंत जातं ते. आम्ही दुपारी फक्त शोर्ले घेतो, वाइनमध्ये अर्धा सोडा. खरी बैठक सायकली कुलपात गेल्यावर.

विलासकाका

प्रेषक: सुनंदाताई
विषय: उत्तर: उत्तर: मोझेलकाठची सायकल सहल

विलासराव, तुमचं सगळं वाचलं, पोटाचं काहीच नाही त्यात.

मुग्धा, शुक्रवारी एकादशी आहे हे सासूबाईंना ठाऊक असेलच. रस्त्यात राइबेकूखन म्हणून बटाट्याचे घावन मिळतात, ॲपलसॉससोबत. दिसायला उपासाचे, पण कांदा असतो, आणि बहुतेकदा अंडंही. राजगिऱ्याचे लाडू आणि बटाट्याचा चिवडा घरूनच ने. शनिवारपासून शाकाहारींनी त्स्वीबेलकूखन मागवताना 'ओहने श्पेक' (डुकराच्या तुकड्यांशिवाय) हे दोन शब्द घोकून ठेवायचे. कांद्याचा केक म्हणतात आणि आत डुकराचे तुकडे निघतात, मी एकदा फसले आहे. फ्लामकूखन या पातळ, पिझ्झासारख्या प्रकाराचंही तसंच.

न पिणाऱ्यांनी हिरमुसू नये. इथली वाइन ज्यांची होते त्या रीसलिंग द्राक्षांचाच रस मिळतो, दुकानातल्या रसासारखा गुळमट नसतो, चांगला आंबटगोड असतो. आणि कोखेमच्या बाजूला लाल गराच्या पीचचा मुरंबा मिळतो. हे पीच द्राक्षमळ्यांच्या कडेला लावतात, कच्चं खाल्लं तर तोंड वाकडं होतं, मुरंबा मात्र नुसता चमच्याने संपतो.

दारावर झाडू किंवा फांद्यांचा झुबका टांगलेला दिसला की ती श्ट्राउसविर्टशाफ्ट. मळेवाल्याच्याच अंगणात बाकं टाकलेली. कायद्याने त्यांना वर्षाचे जास्तीत जास्त चार महिने आणि ४० खुर्च्या एवढीच परवानगी, आणि वाइन फक्त स्वतःची. तुम्ही आठ म्हणजे त्यांची एक पंचमांश खानावळ, तेव्हा आधी फोन करा.

सुनंदा

प्रेषक: मुग्धा
विषय: आलो परत! (उत्तर: मोझेलकाठची सायकल सहल)

मंडळी,

कालच रात्री घरी पोचलो. पाय ओरडताहेत, पण लिहायचं राहून जाईल म्हणून आत्ताच बसले.

शीटचं काय झालं ते आधी सांगते. नऊपैकी दोन किल्ले झाले. शुक्रवारी ट्रिअरच्या पोर्टा निग्राला, त्या रोमन काळ्या वेशीपाशी, आठ जणांचे फोटो काढण्यातच साडेअकरा वाजले. पुढे नॉयमागेनला लेक अडकली. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातल्या एका रोमन थडग्यावर वाइनची पिंपं वाहणारी होडी कोरलेली आहे, खरी ट्रिअरच्या संग्रहालयात, तिची नक्कल गावात. होडीतला एक नावाडी दात काढून हसतोय. "आई, याने प्यायली आहे," असा निकाल देऊन ती पुढे निघाली.

शनिवारी पाऊस. नुसता नाही, तिरका. बर्नकास्टेलच्या समोरच्या काठावर, कूसला, आसऱ्याला म्हणून एका जुन्या इमारतीत शिरलो. कार्डिनल निकोलाउस फॉन कूसने १४५८ च्या सुमाराला गरीब म्हाताऱ्यांसाठी काढलेला आश्रम, ३३ जणांसाठी. आजही तिथे वृद्ध राहतात आणि आश्रमाच्या मळ्यांतली वाइन विकली जाते. सासूबाई तिथे एका आजोबांशेजारी बाकावर बसल्या. त्यांना मराठी येत नव्हतं, ह्यांना जर्मन. पाऊस थांबेपर्यंत वीस मिनिटं दोघं गुडघ्यांवर बोलत होते, हातवाऱ्यांनी.

काका, मळ्यांबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नव्हतं, आणि मी तर त्यांनीच वेडी झाले. नाशिककडे मांडवावर द्राक्षं बघितलेली. इथे प्रत्येक वेल आपल्या खुंटाला एकटी बांधलेली, दोन काड्या वाकवून बदामाचा आकार केलेला. आणि जमीन म्हणजे माती नाहीच. शाळेतल्या पाटीचा दगड असतो ना, त्याचे काळे पापुद्रे. रविवारी ऊन पडलं तेव्हा एक उचलून बघितला, चांगला कोमट होता. दिवसा तापतो आणि रात्री मुळांना ऊब देतो, म्हणून एवढ्या उत्तरेला द्राक्षं पिकतात, असं मळेवालीने सांगितलं. ब्रेमला कालमोंट नावाच्या मळ्याचा उतार ६५ अंशांपर्यंत जातो. तिथे माणसं एका दातेरी रुळावरच्या टिकलीएवढ्या गाडीत बसून चढतात. नवरा म्हणाला मी पण बसतो. मळेवाली म्हणाली, सहा आठवडे काम करा, मग बसा.

आता बाटलीचं. काका, सुनंदाताई, एवढं सगळं सांगितलंत आणि फेडरवायसरचं कुणी कसं बोलला नाहीत? रविवारी दुपारी नवऱ्याने हौसेने एक घेतली, नवी, अजून फसफसणारी वाइन. बाटलीला बूच घट्ट नसतं, वायू निघायला जागा ठेवलेली असते. हे मला आत्ता कळलंय. त्याने ती पॅनियरमध्ये, सायकलला अडकवायच्या पिशवीत, आडवी ठेवली, वर माझं स्वेटर, वर सासूबाईंची शाल, नीट दाबून. बाइलश्टाइनच्या फेरीवर लेक म्हणाली, "बाबा, तुझी सायकल गळतेय." शालीला अजून यीस्टचा वास आहे. दोनदा धुतली. आणि शीटची छापील प्रत त्याच कप्प्यात होती, तिचा लगदा झाला, म्हणून खरं तर मी फार तक्रार करत नाहीये.

एल्ट्स. काका, झाडी संपते आणि तो समोर येतो म्हणालात, तसंच झालं. सगळे गप्प. आत मार्गदर्शक बाई तीन शाखांची घरं दाखवत होत्या, मी सासूबाईंना भाषांतर करून सांगत होते. त्यांच्या माहेरच्या वाड्याची केस माझ्या लग्नाच्या आधीपासून चालू आहे हे मंडळात सर्वांना माहीतच आहे. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाल्या, "विचार त्यांना, मग शेवटी मिळाला कुणाला?" बाई म्हणाल्या, १८१५ साली बाकीचे हिस्से घेऊन सगळा एका शाखेकडे आला. सासूबाईंनी बोटांवर हिशोब केला. "म्हणजे साडेपाचशे वर्षं. आमची अजून तिशीतच आहे." मी भाषांतर केलं तर बाईंनी पुढचं दालन विसरून आधी हसून घेतलं. आणि हो, २० शौचकूप आहेत किल्ल्यात. हे ऐकल्यावर वाड्यात वाढलेल्या सासूबाईंचा आदर एकदम वाढला.

कोब्लेन्झला पोचायला अंधार पडला. सोमवारी कोजागिरी, म्हणून सकाळीच कोखेमच्या घरमालकिणीकडून दूध तापवून थर्मासात भरून घेतलं होतं, केशर-वेलची मी घरून नेलेली. तिने साखर किती ते तीनदा विचारलं. संगमाच्या टोकाला, जिथे मोझेल ऱ्हाइनला मिळते, तिथे दगडी कठड्यावर आठ जण ओळीने बसलो. चंद्र ढगाआड. लेकीने पाटी शोधली, शून्याची, अंधारात सापडली नाही. थर्मासाच्या एकाच झाकणातून दूध फिरलं, आणि पावणेनऊच्या गाडीला आठ सायकली चढवायच्या होत्या.

काका, पुढच्या वर्षी तुम्ही येताय का? बाटली तुम्ही धरायची.

मुग्धा

प्रेषक: विलासकाका
विषय: उत्तर: आलो परत!

फेडरवायसर उभीच न्यायची असते हे सांगायचं राहिलं, चूक कबूल. मी पहिल्यांदा नेली तेव्हा सोबत सौ.ची पैठणी होती. त्याबद्दल आमच्या घरी अजून बोलत नाहीत.

शाल व्हिनेगरच्या पाण्यात रात्रभर ठेव. येतो पुढच्या वर्षी.