मदत हवी आहे: रिलिजस स्कूलची डायरेक्टर होऊ का? (गुरुवारच्या आत!)

रविवारवाली
नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, सांभाळून घ्या. आमच्या टेंपलच्या रिलिजस स्कूलमध्ये मी ११ वर्षं शिकवतेय. आत्ताची डायरेक्टर जूनअखेर सोडतेय आणि रब्बायनी मला विचारलंय, तू घेशील का म्हणून, पण इंटरिम. पगार आत्ताच्यापेक्षा थोडा वर. माझ्याकडे ज्युइश एज्युकेशनची डिग्री नाही, मुंबईचं बीएस्सी बीएड आहे. नवरा म्हणतो घे, लेक म्हणते रविवार तर गेलेच आता बुधवारही जाणार. यात पुढे करिअर असतं का, की इंटरिम इंटरिम करत राबवून घेतात? गुरुवारी कमिटीला कळवायचंय.

एडिसनकर
कुठलं टेंपल? ब्रिजवॉटरचं बालाजी का? आमची मुलं तिथे जायची. पार्किंगची बोंब असते रविवारी.

कोकणकन्या
एडिसनकर, रब्बाय लिहिलंय ना वर! बालाजीच्या देवळात रब्बाय, म्हणजे ज्यूंचे धर्मगुरू, कुठून येणार 😀

दोनचाकी
पहिला प्रश्न व्हिसाचा. एच-४ वर (एच-१बी वाल्याच्या बायकोचा व्हिसा) असाल तर ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, हातात आल्याशिवाय एक डॉलर घेऊ नका. आणि जिथे इतरांना पगार मिळतो तिथे फुकट काम केलं तरी ते व्हॉलंटियरिंग धरत नाहीत. ईएडी सुद्धा सहसा नवऱ्याचं आय-१४० (ग्रीन कार्डाचा कंपनीने केलेला अर्ज) अप्रूव्ह असेल तर मिळतं. माझ्या मेहुणीने हा घोळ घातलेला आहे म्हणून सांगतोय, वकिलाशी बोला.

बटाटावडा_७
दोनचाकी, प्रत्येक धाग्यावर व्हिसा काढायलाच हवा का? त्या ११ वर्षं शिकवतायत म्हणजे काहीतरी असेलच की.

दोनचाकी
काहीतरी असेलच म्हणूनच लोक अडकतात. असो.

निवृत्त_मुख्याध्यापिका
बाळ, मुलं किती, शिक्षक किती, आठवड्याचे तास किती आणि तू कोणाला उत्तर द्यायचंस, रब्बायना की कमिटीला? हे चार आकडे दिल्याशिवाय कोणी काय सांगणार. मी २२ वर्षं मुख्याध्यापिका होते, त्यातली पहिली ३ "प्रभारी" म्हणून. प्रभारी म्हणजे काम पूर्ण आणि सही अर्धी.

रविवारवाली
सॉरी सॉरी. ज्यू टेंपल, रिफॉर्म म्हणजे सुधारकी पंथाचं. मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, माहेर अलिबागकडचं. ग्रीन कार्ड आहे, दोनचाकी, तो प्रश्नच नाही. ही रोजची शाळा नव्हे, मुलं एरवी पब्लिक स्कूलमध्ये जातात. रविवारी ९ ते १२ आणि बुधवारी संध्याकाळी हिब्रू. १४० मुलं, १३ शिक्षक, शिवाय मदतीला हायस्कूलची पोरं. डायरेक्टरचे तास कागदावर २५. प्रत्यक्षात आत्ताची बाई शुक्रवारी रात्री सर्व्हिसला, शनिवारी बार मिट्झवाला (आमच्यातली मुंज म्हणा), रविवारी सकाळी ८ वाजता कपाटाची किल्ली शोधत असते.

मागच्या रविवारचं सांगते. एका मुलाची बार मिट्झवा ३ आठवड्यांवर, तोराचं, म्हणजे धर्मग्रंथाचं, वाचन येत नाही, बाहेर आई रडतेय. त्याला कॉपीरूममध्ये नेलं, झेरॉक्सच्या मशीनवर पान ठेवलं आणि आजोबा आम्हाला शिकवायचे तसं एकेक शब्द बोट ठेवून गाऊन घेतला. ४ ओळी आल्या. तेवढ्यात एकजण सांगत आला की दुसरीच्या वर्गात शेंगदाण्याची बिस्किटं वाटली गेलीत आणि त्यात एकाला ॲलर्जी. पळाले. हे असं रोज करायचं असेल तर डिग्री कशातली लागते?

बुलेटपॉइंट
पीएमपी करा. मी केलं, पगार लगेच वाढला. प्रोजेक्ट मॅनेजमेंट कुठेही चालतं.

कोकणकन्या
पीएमपीने शेंगदाणे थांबत नाहीत हो. ताई, आमच्या मंडळाची मराठी शाळा मी ६ वर्षं चालवली. सेम टू सेम. रविवार, चर्चचा भाड्याचा हॉल, फळ्यावर काल त्यांनी लिहिलेलं पुसायचं नाही. माझा सल्ला: घेऊ नका. शेवटी पालक म्हणतात सॉकर आहे.

शनवारतेली
कोकणकन्या, सेम नाही. तुमचं व्हॉलंटियर काम होतं, हा इथे रीतसर पेशा आहे. मीही बेने इस्रायल, फिलाडेल्फियाजवळ अशाच शाळेत ८ वर्षं डायरेक्टर. रविवारवाली, नीट ऐक. रिफॉर्मवाल्यांची एज्युकेटर लोकांची संघटना आहे, एआरजेई, आणि आरजेई म्हणून टायटल आहे, मोठी टेंपलं ते बघतात. डिग्रीसाठी नोकरी सोडायला नको, ग्रॅट्झ कॉलेजचं एमए ऑनलाइन होतं, मी तेच केलं, रात्री १० नंतर. फी टेंपलने भरावी हे करारात आत्ताच घाल, नंतर कोणी विचारत नाही. संघटनेची वर्गणी आणि वर्षातून एका कॉन्फरन्सचा खर्चही. मी हे पहिल्या वर्षी मागितलं नाही, चौथ्या वर्षी मिळालं.

आणि करार १ जुलैपासूनचा घे. शाळा उघडते आणि रोश हशाना, म्हणजे आपलं नवीन वर्ष, येतो त्याच सुमाराला, ऑगस्टमध्ये सुरुवात केलीस तर मेलीस.

प्रश्नचिन्ह
ग्रॅट्झ म्हणजे ती रिबेका ग्रॅट्झ ना? १८३८ मध्ये फिलाडेल्फियात ज्यू मुलांसाठी पहिली रविवारची शाळा काढली तिने. तिच्याच नावाचं कॉलेज.

शनवारतेली
शाळा तिचीच, पण कॉलेज तिच्या भावाच्या, हायमनच्या ठेवीतून, १८९५ साली. अर्थात रविवारची शाळा बाईनेच उभी केली आणि नाव भावाचं, हे काही नवीन नाही.

एडिसनकर
मुंबईतही होती की ज्यू शाळा, माझगावला सर एली कदूरी. माझे मामा तिथले. ज्यू नव्हेत, पण शाळा सगळ्यांना होती.

प्रश्नचिन्ह
ती हाईम सॅम्युअल केहिमकरांनी १८७५ साली काढली, तेव्हा नाव इस्रायली शाळा. अवांतर: मशीद बंदर स्टेशनचं नावही तिथल्या जुन्या सिनेगॉगवरून (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) पडलं असं म्हणतात, बेने इस्रायल लोक सिनेगॉगला मशीदच म्हणायचे.

बटाटावडा_७
धागा माझगावहून मशीद बंदरला पोचला. पुढचं स्टेशन?

दोनचाकी
सरळ इस्रायलला का नाही जात? तिथल्या डिमोना गावात तर म्हणे मराठीत भांडता येतं.

शनवारतेली
अहो त्यांनी नोकरीचं विचारलंय, देशाचं नाही. माझी मावशी डिमोनात आहे, तिला विचारा रिलिजस स्कूल डायरेक्टर म्हणजे काय. तिथे ही रविवारची शाळा नसतेच, हिब्रू तर पोरं रस्त्यावरच शिकतात.

निवृत्त_मुख्याध्यापिका
माझ्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही. उत्तर कोणाला द्यायचं?

रविवारवाली
हो ते राहिलंच. कागदावर रब्बायना. पण एक लिहायला विसरले, आत्ताची डायरेक्टर वर्षभर "कन्सल्टंट" म्हणून राहणार आहे, शिक्षक नेमणं आणि बजेट तिच्याकडेच. माझ्याकडे बाकीचं.

शनवारतेली
हे तू आत्ता सांगतेस?!

निवृत्त_मुख्याध्यापिका
मग बाकीचं म्हणजे किल्ली आणि शेंगदाणे.

कोकणकन्या
मी म्हटलंच होतं. घेऊ नका.

शनवारतेली
घे, पण असं नाही. एवढंच लिही: शिक्षक नेमणं माझ्याकडे हवं, बजेटच्या मीटिंगला मी बसणार, आणि इंटरिम काढण्याचा निर्णय कुठल्या तारखेला होणार ते करारात हवं. तारीख देत नाहीत तर शिकवत राहा आणि एमए चालू कर. रब्बाय स्वतः कसे आहेत?

रविवारवाली
चांगले आहेत. मागच्या वर्षी मी मुलांना मलिदा, आमचा गोड पोह्यांचा प्रसाद, करून दाखवला, एलियाहू हनावी या प्रेषिताचं गाणं मराठीत शिकवलं, तर ते स्वतः येऊन बसले खाली. कमिटीतल्या एका बाईंनी मात्र विचारलं, हे नक्की ज्युइश आहे ना.

शनवारतेली
त्या बाईला बजेट मीटिंगमध्ये तुझ्यासमोरची खुर्ची दे.

रविवारवाली
ईमेल पाठवली. तिन्ही गोष्टी लिहिल्या, फीचंही. हात थरथरत होते, शेवटी "वॉर्मली" लिहायचं राहून गेलं. रब्बायचं उत्तर आलं, "लेट्स टॉक", बुधवारी ४ ला. याचा अर्थ चांगला की वाईट?

बुलेटपॉइंट
पीएमपी असतं तर विचारावं लागलं नसतं.

एडिसनकर
मलिद्यात पोहे कुठले, जाडे की पातळ?

रविवारवाली
जाडे. बुधवारनंतर सांगते.