मदत हवी आहे: टीममधे पासवर्ड शेअर कसे करता?

नमस्कार मंडळी, महापेला आठ जणांचं आमचं छोटं ऑफिस आहे, क्लायंटच्या वेबसाइट आणि सर्व्हर सांभाळतो. गेल्या महिन्यात एक मुलगा नोकरी सोडून गेला, अगदी चांगल्या संबंधात, त्याच्यावर संशय अजिबात नाही, पण त्याला माहीत असलेले पासवर्ड बदलायला बसले तर यादीच संपेना. थोडे गूगल शीटमधे, थोडे व्हॉट्सॲप ग्रुपवर, तीन तर फक्त सरांच्या डायरीत. ग्रुपवर नुसतं "पासवर्ड" सर्च केलं तर दोन वर्षांपूर्वीचा मेसेज आला आणि तोच पासवर्ड अजून चालतोय! त्या रात्री झोप नाही लागली मला.

ओटीपीचा वेगळाच वैताग. होस्टिंगचा कोड जातो सरांच्या फोनवर, सर सकाळी ठाण्याहून लोकलमधे उभे, खिशात हात घालायला जागा नाही, आणि इकडे आम्ही बंद पडलेली साइट बघत बसलोय.

त्यात डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइल कोणीतरी गिटमधे (कोडच्या सगळ्या जुन्या-नव्या आवृत्त्या ठेवणारी सिस्टीम) टाकली होती, दुसऱ्या दिवशी डिलीट केली म्हणे. तेवढ्याने भागतं का?

कीपास (सगळे पासवर्ड एका कुलूपबंद फाइलमधे ठेवणारं ॲप) करून बघितलं, फाइल शेअर्ड ड्राइव्हवर ठेवली, पण दोघांनी एकदम सेव्ह केलं तर दोन कॉप्या झाल्या आणि खरी कुठली ते कळेना. बिटवॉर्डन या ऑनलाइन पासवर्ड मॅनेजरच्या फुकट प्लॅनमधे शेअरिंग दोघांपुरतंच. सर पैसे द्यायला तयार आहेत पण सगळं एका जागी ठेवायला घाबरतात, 2022 मधे लास्टपास या तसल्याच सेवेचे व्हॉल्ट (पासवर्डच्या तिजोऱ्या) चोरीला गेले ते त्यांच्या डोक्यात बसलंय. तुमच्याकडे काय करता?

प्रतिसाद:
ताई, आधी गिटचं बघा. फाइल उडवली तरी जुन्या कमिटमधे (आधी सेव्ह केलेल्या आवृत्तीत) पासवर्ड तसाच असतो, आणि ज्याने क्लोन केलंय, म्हणजे पूर्ण कॉपी उतरवलीय, त्याच्याकडे तर आहेच. हिस्टरी पुसण्यात वेळ घालवू नका, आजच्या आज पासवर्डच बदला. सरांची भीती रास्त आहे, पण त्या व्हॉल्टमधले पासवर्ड एन्क्रिप्टेड (सांकेतिक रूपात) होते, जास्त धोका मास्टर पासवर्ड, म्हणजे व्हॉल्ट उघडणारा पासवर्ड, कच्चा असलेल्यांना. तो लांबलचक ठेवा, कुठेच रिपीट करू नका. आम्ही बिटवॉर्डनचा पेड प्लॅन घेतला, क्लायंटप्रमाणे कलेक्शन (पासवर्डचे गट) केली, ज्याचं काम त्यालाच ॲक्सेस. ओटीपी एसेमेसवरून काढून ऑथेंटिकेटरवर (कोड स्वतःच बनवणाऱ्या ॲपवर) न्या, ते सेट करताना दिसणाऱ्या क्यूआर कोडमागची गुप्त की व्हॉल्टमधे टाकली की 30 सेकंदांनी बदलणारा कोड टीममधे कोणालाही दिसतो. तरी जिथे जमेल तिथे प्रत्येकाचं लॉगिन वेगळंच करा, माणूस गेला की तेवढंच बंद.

मूळ प्रश्नकर्ती:
खूप आभार, डेटाबेसचा पासवर्ड आत्ताच बदलला. ॲमेझॉनच्या सर्व्हरसाठी सगळे एकच ॲक्सेस की (प्रोग्रॅमना लॉगिनसाठी लागणारी की) वापरतो, ती बदलताना साइट बंद पडेल का?

प्रतिसाद:
नाही पडणार. एका यूजरला दोन की ठेवता येतात. दुसरी बनवा, सगळीकडे टाका, मग जुनी फक्त इनॲक्टिव्ह करा, दोन-चार दिवस कुठे काही अडत नाही ना बघा आणि मगच डिलीट करा.