मदत हवी आहे: लेक नववीसाठी अमेरिकेतल्या बोर्डिंग शाळेत चालली आहे, कशाची तयारी करू?

पल्लवी_ठाणे
आठवी संपवून मुलगी सप्टेंबरपासून मॅसॅच्युसेट्समधल्या एका बोर्डिंग शाळेत जाते आहे. आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी शाळा देते तो फॉर्म) आणि व्हिसा झाले, तेव्हा प्रवेशाबद्दल काही विचारत नाही. अडलंय ते पुढचं. वर्ग म्हणे टेबलाभोवती चर्चेने चालतात आणि बोलण्यालाही गुण असतात. ही तर वर्गात हातसुद्धा वर करत नाही. जुलैत गणिताची प्लेसमेंट परीक्षा (कुठल्या पातळीच्या वर्गात बसवायचं ते ठरवणारी) आहे, क्लास लावावा का? सुट्ट्यांत होस्टेल बंद असतं, तेव्हा ती राहणार कुठे? शिवाय औषधं. जाणकारांनी सविस्तर सांगावं.

कंदीलपुष्प
ताई, त्या लंबगोल टेबलाला हार्कनेस टेबल म्हणतात. १९३० साली एडवर्ड हार्कनेस यांच्या देणगीतून न्यू हॅम्पशायरच्या फिलिप्स एक्झिटर अकॅडमीत ही पद्धत सुरू झाली. आता कमीअधिक प्रमाणात बऱ्याच शाळांत आहे. टेबलाभोवती साधारण बारा मुलं आणि एक शिक्षक. शिक्षक फारसं बोलत नाहीत. कुणी कुणाच्या मुद्द्यावर बोललं याच्या रेघा काही शिक्षक कागदावर ओढत बसतात. लेकीच्या नावाला रेघच नसेल तर ते सत्राच्या शेऱ्यात उतरतं.

आपली मुलं दोन प्रकारे अडकतात. काही जण विचारायची वाट बघतात, आणि विचारत कुणीच नाही. बाकीचे घरून परिच्छेद पाठ करून येतात आणि संधी मिळताच तो म्हणून टाकतात, तोवर चर्चा तिसरीकडे गेलेली असते. माझ्या मते हे जास्त वाईट, कारण मुलाला वाटतं आपण बोललो.

आतापासून रोज १५-२० पानं पेन्सिल हातात घेऊन वाचू द्या. शेवटी वहीत एक खटकलेलं वाक्य पान क्रमांकासह आणि एक प्रश्न लिहायचा, ज्याचं उत्तर तिला खरोखर माहीत नाही. वर्गात पहिल्या दहा मिनिटांत पान सांगून ते वाक्य वाचायचं आणि प्रश्न टाकायचा. जितका उशीर, तितकं तोंड उघडणं अवघड. नंतर दुसऱ्या कुणाचा मुद्दा धरून एकदा-दोनदा बोललं की पुरे. उच्चारांपेक्षा वेगाकडे लक्ष द्या. भराभर बोललेलं टेबलापलीकडे कळत नाही.

त्रिज्या
गणित: वरच्या वर्गात ढकलण्यासाठी क्लास लावू नका. तिथला क्रम साधारण अल्जेब्रा १, भूमिती, अल्जेब्रा २, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस असा. आपल्या आठवीवाल्यांचं बरंचसं अल्जेब्रा १ झालेलं असतं, म्हणून घोकून अल्जेब्रा २ गाठता येतं. पण तिथे उत्तर कसं आलं ते फळ्यासमोर उभं राहून समजावावं लागतं आणि ऑक्टोबरात दमछाक होते. वर्ग बदलायची मुभा सहसा पहिल्या काही आठवड्यांपुरतीच असते. एक्झिटरचे गणिताचे प्रश्नसंच त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. रोज चार-पाच सोडवून प्रत्येक पायरी इंग्रजीत बोलून दाखवायला सांगा. शाळेने ग्राफिंग कॅल्क्युलेटर मागितला तर बहुधा टीआय-८४ चालतो.

शाईची_दौत
एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण मुलं खरी अडचणीत येतात ती इथे. चार ओळी नेटवरून उचलून शब्द बदलले तरी ती चोरीच. संदर्भ न देता लिहिलेला किंवा एआयकडून करून घेतलेला निबंध शिस्त समितीपुढे जातो. संदर्भ लिहायला इंग्रजीत एमएलए आणि इतिहासात शिकागो नावाची पद्धत बहुतेक ठिकाणी चालते. दोन्हींचा एकेक नमुना तिच्याकडून आत्ताच करून घ्या. आणि हो, निबंध तुम्ही तपासून देऊ नका.

बोस्टनकर_काका
सुट्ट्या. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार थँक्सगिव्हिंगचा, तो आठवडा बंद. मग डिसेंबर अखेर आणि मार्चमधले दोनेक आठवडे. शाळेचं कॅलेंडर काढून 'डॉर्म (होस्टेल) बंद' आणि 'डॉर्म उघडे' या वेळा तासासकट लिहून घ्या. बंद झाल्यावर रात्रभर थांबू देत नाहीत.

थँक्सगिव्हिंगसाठी यजमान घर ऑगस्टमध्येच ठरवा. नुसतं 'काकांकडे जाईल' चालत नाही. यजमानांचं लेखी निमंत्रण, पत्ता, फोन आणि तुमची परवानगी शाळेच्या रजेच्या ॲपवर वेळेत नोंदवावी लागते. यजमान प्रौढच हवेत, कॉलेजातला चुलतभाऊ बहुतेक शाळा मानत नाहीत.

डिसेंबरचं तिकीट काढताना अमेरिकेच्या आत विमान बदलावं लागेल असं काढू नका. जोडविमान चुकलं तर १४ वर्षांच्या मुलीला एकटीला हॉटेलात खोली मिळत नाही. दुबई किंवा दोहामार्गे थेट बोस्टन बरं. निघण्यापूर्वी आय-२० वरची प्रवासाची सही बघा, ती वर्षभर चालते.

नर्सबाई
औषधं खोलीत ठेवायची नसतात, आरोग्य केंद्रात जमा होतात. इंग्रजी चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव, मात्रा आणि कारण हवं. निमेसुलाइड आणि डोमपेरिडोन पाठवू नका, दोन्हींना तिथे मंजुरी नाही. आयुर्वेदिक गोळ्याही केंद्र बहुधा देणार नाही.

लसीच्या नोंदी नीट बघा. सरकारी केंद्रात एमआर (गोवर-रुबेला) मिळते, तीत गालगुंडाची लस नसते. शाळेला एमएमआरचे (गालगुंडासह तिन्हींच्या लसीचे) दोन डोस लागतात. तारखेतला महिना अक्षरांत लिहून घ्या, नाहीतर ५ ऑगस्टचा ८ मे होतो. बीसीजी घेतलेली असल्याने क्षयरोगाची त्वचेवरची चाचणी उगीच पॉझिटिव्ह येऊ शकते. रक्तावरची इग्रा चाचणी इथेच करून अहवाल द्या.

पल्लवी_ठाणे
खूप आभार सगळ्यांचे! छोटा राइस कुकर आणि उदबत्ती दिली तर चालेल का? आणि फोन कधी करावा? रात्री केला तर अभ्यासात व्यत्यय येईल ना?

बोस्टनकर_काका
दोन्ही जप्त होतील. खोलीत पेटणारं आणि तापणारं काहीच चालत नाही. शिवाय आपली उपकरणं २३० व्होल्टची, तिथे १२० मिळतात. चादरी तिथेच घ्या. गादी बहुधा ट्विन एक्सएल, म्हणजे ३८ बाय ८० इंच. आपल्या सिंगलच्या त्यावर बसत नाहीत.

फोन रात्री नकोच. आठ ते दहा सक्तीचा अभ्यास, तेव्हा तुमच्याकडे पहाट असते. तिच्या सकाळी सव्वासातला, नाश्त्याआधी करा, तेव्हा तुमचे संध्याकाळचे पावणेपाच वाजलेले असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथलं घड्याळ मागे जातं, मग मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत पावणेसहा.