भावाला हेपटायटिस सी निघालाय, ताट वेगळं करावं का?

औश्याची बहीण
माझा भाऊ ऊसतोडीला जायचा. 2019 पासून एचआयव्हीच्या गोळ्या (एआरटी) चालू आहेत, कधी खाडा केला नाही. मागच्या आठवड्यात हर्नियाच्या ऑपरेशनला एका खासगी दवाखान्यात नेलं, तर रक्तात हेपटायटिस सी, म्हणजे लिव्हरचा आजार, 'रिअॅक्टिव्ह' आला. तिथल्या माणसानं दोन्ही आजार साऱ्या बाकड्याला ऐकू जातील असे वाचले अन् ऑपरेशन होणार नाही म्हणाला. भावजयीनं ताट-तांब्या वेगळा केलाय. भाऊ म्हणायलाय, आता गोळ्याच बंद करतो. औषधाला लाखभर लागतात म्हणे. शेत विकायला काढावं का?

माजी लिंक वर्कर, अंबाजोगाई
ताई, शेत काढू नका. अन् आधी भावाला सांगा, एचआयव्हीची गोळी एक दिवसही सोडायची नाही. दोन्ही विषाणू अंगात असले की लिव्हर लवकर बिघडतं, गोळ्या सोडल्या तर जास्तच.

'रिअॅक्टिव्ह' म्हणजे या विषाणूशी कधीतरी गाठ पडली होती, एवढंच. काही जणांच्या अंगातून तो आपोआप निघून जातो, रक्तातली खूण मात्र राहते. म्हणून व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू आत्ता आहे का अन् किती, ही तपासणी करावीच लागते. ही तपासणी आणि औषधं 2018 च्या जुलैत सुरू झालेल्या हेपटायटिसच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेत. सिरोसिस (लिव्हर आकसून कडक होणं) नसेल तर बहुतेकांना सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटासव्हिर, 12 आठवडे. शंभरातले नव्वदच्या वर बरे होतात. एचआयव्हीसारखं हे जन्मभराचं नाही, हे भावाला दोनदा सांगा.

मी एचआयव्हीच्या कामाला ऊसाच्या फडावर फिरायचे तेव्हा बघितलंय. तोडकऱ्यांच्या कोपीत (झोपडीत) कुणाला ताप आला की एखादा पिशवीवाला डॉक्टर येऊन सुई टोचून जायचा. ती सुई आधी कुणाच्या दंडात गेली, कुणी विचारायचं नाही. मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली, खाडा परवडत नाही, मग माणूस दंड पुढं करतो. माझा जीव आजही त्यात अडकलाय.

ताट एकच ठेवा. लेकरांना मांडीवर बसू द्या. वेगळं ठेवायचं ते दाढीचं ब्लेड, नेलकटर, दाताचा ब्रश. हा आजार रक्तातून जातो. सी ची लस नाही, म्हणून भावजयीचीही तपासणी करून घ्या.

नांदेडकर
मला दोन्ही होते. 12 आठवडे औषध घेतलं, संपल्यावर तीन महिन्यांनी तपासलं, सी सापडला नाही. एआरटी अजून चालू आहे. आणि त्या दवाखान्याचं सोडू नका. 2017 चा एचआयव्ही कायदा आहे. एचआयव्हीमुळं उपचार नाकारणं आणि संमतीशिवाय कुणाचा एचआयव्ही उघड करणं, दोन्हीला त्यात मनाई आहे. 1097 या एचआयव्हीच्या हेल्पलाइनवर फोन करा, पैसे पडत नाहीत.

औश्याची बहीण
सोमवारी एआरटी सेंटरला निघालोत. सोबत काय न्यावं?

माजी लिंक वर्कर, अंबाजोगाई
एआरटीचं कार्ड, हा रिपोर्ट, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं. झाडपाल्याचं काही घेत असेल तर तेही लपवू नका. अन् भावजयीला सोबत आणाच, समुपदेशकापुढं तिलाच बोलू द्या.