दिवाळीनंतर बाळाच्या गालांवर उठलेले लाल चट्टे: घरी काय करावे?

प्रश्न (एक आई, पुणे)

माझी मुलगी 14 महिन्यांची आहे. दाढा येत असल्यामुळे तिची लाळ सतत गळते आणि हनुवटी दिवसभर ओली राहते. पहिल्या आंघोळीच्या दिवशी सासूबाईंनी तिला मायेने सुगंधी उटणे लावले. दुसऱ्या दिवसापासून दोन्ही गाल आणि हनुवटी लाल होऊन खरखरीत झाली आहेत, आणि रात्री ती झोपेत गाल उशीवर घासते. ताप नाही, खाणेपिणे व्यवस्थित आहे. गेले चार दिवस आम्ही साय आणि हळद लावत आहोत, पण फरक दिसत नाही. शेजारच्या ताईंनी त्यांच्या मुलाला लागू पडलेले मलम आणून दिले आहे. ते लावावे का? शिवाय, अंडे आणि दूध बंद करावे असे घरात सर्वांचे म्हणणे आहे. कृपया अनुभवी पालकांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (एक आई, ठाणे)

ताई, माझ्या मुलाला सहाव्या महिन्यापासून एक्झिमा (त्वचा कोरडी पडून खाज आणि लाली येण्याचा विकार) आहे, त्यामुळे तुमची काळजी मला समजते. सर्वप्रथम साय, हळद, उटणे, साबण आणि पावडर हे सर्व चेहऱ्यावरून पूर्णपणे थांबवा. हळदीने आणखी एक घोटाळा होतो, तो मला फार उशिरा लक्षात आला: गाल पिवळे झाले की खालची लाली कमी होत आहे की वाढत आहे, हेच कळेनासे होते.

आमच्याकडे ज्याने खरा फरक पडला ते अगदी साधे होते. कोमट पाण्याने पाच ते दहा मिनिटांत आंघोळ उरकायची, चेहऱ्याला साबण लावायचा नाही, मऊ सुती कापडाने न घासता टिपून घ्यायचे आणि त्वचा किंचित ओलसर असतानाच बिनवासाचे घट्ट मॉइश्चरायझर लावायचे. मॉइश्चरायझर दिवसातून तीन-चार वेळा लावावे लागते. एकदा लावून गुण येत नाही. जेवण भरवण्यापूर्वी आणि झोपवण्यापूर्वी तोंडाभोवती पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या, म्हणजे लाळ आणि वरणभात थेट त्वचेला लागत नाहीत. टोमॅटो, मोसंबी यांचा रस तोंडाभोवती लागून लाली येते, तेव्हा ती ॲलर्जीच आहे असे पुष्कळांना वाटते. बहुतेक वेळा तो केवळ आंबट रसाचा दाह असतो. लाळेरे ओले झाले की लगेच बदला, आणि नखे दर दोन-तीन दिवसांनी कापा.

उत्तर (एक आजी, कोल्हापूर)

तुमच्या सासूबाईंना दोष देऊ नका. आम्हीही आमच्या लेकरांना डाळीचे पीठ लावूनच न्हाऊ घातले. परंतु माझ्या नातीची त्वचा फुटली तेव्हा मी स्वतः पीठ बंद केले, कारण भरड पीठ कोरड्या गालावर चोळणे म्हणजे जखमेवर जखम करण्यासारखे आहे. आता थंडी सुरू होईल. लोकरी टोपड्याचे बंद हनुवटीला घासतात, म्हणून आतून मलमलीचे अस्तर लावून घ्या. बाळाला कडेवर घेणाऱ्यांच्या लोकरी शालीनेही गाल लाल होतात, हेही लक्षात असू द्या.

उत्तर (बालरोगतज्ज्ञ, नाशिक)

ते मलम कृपया लावू नका. औषधांच्या दुकानातून सहज मिळणाऱ्या अनेक मलमांत बुरशीनाशक आणि प्रतिजैविकाबरोबर क्लोबेटासोल किंवा बेक्लोमेथासोनसारखे स्टेरॉइड (दाह दाबणारे औषध) मिसळलेले असते. दोन दिवसांत लाली मावळते, म्हणून ते ‘लागू पडले’ असे वाटते. पण चेहऱ्याची त्वचा पातळ असते आणि लहान मुलांच्या अंगात औषध तुलनेने जास्त शोषले जाते, त्यामुळे अशा मलमाच्या वापराने त्वचा आणखी पातळ होणे, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागणे आणि थांबवताच लाली दुपटीने परतणे असे प्रकार घडतात. 2018 मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची 14 स्टेरॉइड औषधे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, ती याच गैरवापरामुळे. याचा अर्थ स्टेरॉइड नेहमीच घातक असते असा नाही. दाह जास्त असेल तर डॉक्टर स्वतः सौम्य स्टेरॉइड मोजक्या दिवसांसाठी देतात, आणि तेव्हा भीतीपोटी ते टाळणेही योग्य नव्हे.

अंडे किंवा दूध केवळ अंदाजाने बंद करू नका. वाढत्या बाळाचे पोषण त्यात आहे. खाल्ल्यानंतर काही मिनिटांपासून दोन तासांच्या आत अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे किंवा उलट्या होणे असे घडले, तर मात्र तो पदार्थ थांबवून डॉक्टरांना भेटा. श्वासाला त्रास वाटला तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

घरचे उपाय पाच-सात दिवस करून पाहण्यास हरकत नाही, पण मधासारख्या पिवळसर खपल्या, पू, एकत्र आलेले पाण्याचे फोड, ताप, किंवा डोळ्यांभोवती सूज यांपैकी काहीही दिसले तर वाट पाहू नका. ताप, खोकला आणि लाल डोळ्यांसह कानामागून सुरू होऊन खाली पसरणारे पुरळ गोवराचे असू शकते, तेव्हा गोवराची लस झाली आहे ना हेही पाहून घ्या.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद (12 दिवसांनी)

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. मलम परत दिले. उटण्याची जागा आता मॉइश्चरायझरने घेतली आहे, आणि ते सासूबाईच आठवणीने लावतात. लाली जवळजवळ गेली आहे, मात्र गालांवर फिकट डाग राहिले आहेत. कोणी म्हणते जंत झाले, कोणी म्हणते कॅल्शियम कमी आहे, आणि सासूबाईंना कोडाची धास्ती वाटते.

उत्तर (बालरोगतज्ज्ञ, नाशिक)

दाह ओसरल्यावर त्वचेचा रंग काही काळ फिका राहणे हे नेहमीचे आहे, आणि सावळ्या त्वचेवर ते अधिक उठून दिसते. त्याचा जंतांशी किंवा कॅल्शियमशी संबंध नाही. कोडाचे डाग दुधासारखे पांढरे आणि स्पष्ट कडेचे असतात. तुम्ही वर्णन करता तसे अस्पष्ट, फिकट नसतात. मॉइश्चरायझर चालू ठेवा. रंग परत यायला काही आठवडे, कधी काही महिनेही लागतात. पुढील लसीकरणाला जाल तेव्हा हे डाग डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवा, म्हणजे सासूबाईंचीही खात्री पटेल.