प्रति: प्रोसेसर घेऊ की प्रोजेक्टरच बदलू?
भाऊ, एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त फरक दाखवणारं चित्र) लावलं की चित्र काळवंडतं म्हणता, त्यात तुमच्या प्रोजेक्टरचा बिघाड नाही. असा सिनेमा बहुधा १००० किंवा ४००० निट्सवर (निट म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप) मास्टर केलेला, म्हणजे तेवढ्या उजेडासाठी तयार केलेला असतो. आपल्या पडद्यावर १०० निट्स मिळाले तरी डोक्यावरून पाणी. ल्युमाजेन रेडिअन्स प्रो किंवा मॅडव्हीआर एन्व्ही हे व्हिडिओ प्रोसेसर दर फ्रेमचा उजेड मोजून तो पडद्याच्या आवाक्यात बसवतात. रात्रीच्या दृश्यात काळ्या कोटाची शिवणसुद्धा दिसते, ढगही पांढरेफटक पडत नाहीत. प्रोजेक्टरचा काळा रंग मुळातच राखाडी असेल तर मात्र प्रोसेसरनं काही होत नाही, राजेहो. आणि त्यांची किंमत तर भरमसाठ! आधी चांगलं ग्राफिक्स कार्ड असलेल्या विंडोज पीसीवर फुकटचं मॅडव्हीआर सॉफ्टवेअर लावून बघा. फक्त नागपूरच्या मे महिन्यात तो पीसी बंद कपाटात कोंबू नका.