आईच्या डोक्यावरचा खळगा: इथेच दाखवावे की नोव्हेंबरपर्यंत थांबावे?

प्रेषक: मेधा

मंडळाच्या ईमेल यादीवरील सर्वांना सप्रेम नमस्कार.

आई सध्या भारतातून आमच्याकडे इंग्लंडला आली आहे. रविवारी तिच्या डोक्याला तेल लावताना टाळूच्या मागे उजव्या अंगाला माझे बोट एका खळग्यात उतरले. खळगा दोन बोटे रुंद आहे, कडा बोथट आहेत, वरची त्वचा नेहमीसारखीच आहे आणि दाबल्यावर दुखत नाही. डाव्या बाजूलाही किंचित खोलगट लागते, पण ते खरे की घाबरल्यामुळे मला तसे वाटते, हे मला सांगता येणार नाही. आई म्हणते, "असेल लहानपणापासून, विहिरीच्या पायऱ्यांवरून पडले होते." मी मात्र चाळीस वर्षे तिच्या डोक्याला तेल लावत आले आहे आणि हे आजवर कधी हाताला लागलेले नाही.

आता अडचण अशी आहे. आमच्या जीपीच्या, म्हणजे इथल्या कौटुंबिक डॉक्टरांच्या, रिसेप्शनवर 'पाहुण्यांची नोंदणी होत नाही' असे सांगितले. प्रवास विम्याच्या फोनवरील बाईंनी हे दुखणे पूर्वीपासूनचे आहे का, असे विचारले. 'होय' म्हटले तर दावा नामंजूर होणार आणि 'नाही' म्हटले तर सुरुवातीची तारीख द्यावी लागणार. ती मी कुठून आणू? आईचे परतीचे तिकीट नोव्हेंबरचे आहे. नानांच्या खुब्याच्या वेळी ज्यांनी धावपळ केली, त्यांनी कृपया मार्ग सुचवावा.

मेधा

प्रेषक: श्रीकांत

मेधाताई,

विमा कंपनीला आपल्याला जे ठाऊक आहे तेवढेच सांगावे. 'अमुक दिवशी प्रथम लक्षात आले, कारण माहीत नाही, कोणत्याही डॉक्टरांनी याविषयी पूर्वी काही सांगितलेले नाही' हे वाक्य लिहून ठेवा आणि फोनवर दर वेळी तेच वाचून दाखवा. विहिरीच्या पायऱ्यांचा उल्लेख करू नये, कारण तो आईंचा तर्क आहे, निदान नव्हे. मात्र कंपनीने लेखी होकार देण्यापूर्वी रुग्णालयात तपासण्या करून घेऊ नयेत. परदेशी पाहुण्यांना तिथे राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या ठरलेल्या दराच्या दीडपट, म्हणजे १५० टक्के, आकारणी होते आणि एका स्कॅनमागे रक्ततपासण्या व तज्ज्ञांच्या भेटी लागतातच. हे सर्व मी गणपतीच्या स्मरणिकेत दोन पाने भरून लिहिले होते. ती पाने मोदकांखाली अंथरलेली मी स्वतः पाहिली आहेत.

श्रीकांत

प्रेषक: सुनीता

श्रीकांत यांच्या पत्रामुळे गैरसमज होऊ नये म्हणून लिहिते. दीडपट आकारणी रुग्णालयातील उपचारांसाठी आहे. जीपीची भेट इंग्लंडमध्ये पाहुण्यांनाही विनामूल्य असते. मुक्काम चोवीस तासांहून अधिक आणि तीन महिन्यांहून कमी असेल तर जीएमएस-३ हा तात्पुरत्या नोंदणीचा अर्ज भरावा, त्याहून अधिक असेल तर नेहमीची नोंदणी मागावी. पासपोर्ट किंवा पत्त्याचा पुरावा दाखवलाच पाहिजे असा नियम नाही. रिसेप्शनवर वाद न घालता व्यवस्थापकांना लेखी विचारावे.

असे प्रश्न प्रथम आरोग्य उपसमितीकडे पाठवावेत, ही विनंती मी वार्षिक सभेतही केली होती.

सुनीता

प्रेषक: अविनाश

उपसमितीचे असो. गेल्या हिवाळ्यात न्हाव्याने माझ्या डोक्यावर आडवी खाच दाखवली आणि मी आठवडाभर झोपलो नाही. शेवटी ती हेडफोनच्या पट्टीची निघाली. दिवसभर कामाच्या बैठकांमुळे पट्टी दबून त्वचेला आणि केसांना वळ पडत होता व सकाळपर्यंत भरून येत होता. आईंनी अंबाडा, पिन किंवा घट्ट रुमाल बांधला होता का, हे पाहावे.

अविनाश

प्रेषक: वसुधा

चि. मेधा हिस अनेक आशीर्वाद.

अविनाशच्या खाचेने सर्वांची करमणूक झाली असली तरी वळ आणि हाडातला खळगा यांत फरक आहे. वळ तासाभरात बदलतो, हाडातला खळगा आठवड्यानंतरही जिथल्या तिथे असतो. तपासल्याशिवाय मी निदान करणार नाही; परंतु तीस वर्षे क्ष-किरणांच्या फिल्म वाचल्यामुळे काही सांगावेसे वाटते.

कवटीच्या हाडाला बाहेरचा व आतला असे दोन कठीण पापुद्रे असतात आणि मध्ये जाळीदार थर असतो. उतारवयात, विशेषतः स्त्रियांमध्ये, डोक्याच्या दोन्ही बाजूंच्या पॅरायटल हाडांचा बाहेरचा पापुद्रा व मधला थर झिजून तिथे उथळ खळगे पडतात आणि आतला पापुद्रा शाबूत राहतो. प्राचीन इजिप्तमधील कवट्यांतही असे खळगे आढळले आहेत. हे खळगे बहुधा दोन्ही बाजूंना पडतात, म्हणून मला तुझ्या 'डावीकडेही किंचित' या शब्दांत अधिक रस आहे. याउलट खळगा एकाच बाजूला असून वाढत असेल, किंवा सोबत वजन घटणे, हाडे दुखणे, नवी डोकेदुखी, उलट्या, दृष्टीत बदल किंवा पूर्वीच्या कर्करोगाचा इतिहास असेल, तर नोव्हेंबरपर्यंत थांबू नये. मायलोमासारख्या, म्हणजे अस्थिमज्जेच्या कर्करोगासारख्या, आजारात हाडाला पंचने पाडल्यासारखी भोके पडतात आणि ती त्वरेने शोधावी लागतात.

विम्याच्या चर्चेत एक गोष्ट सर्वांच्या नजरेतून सुटली आहे. गेल्या वर्षी आई पुण्यात न्हाणीघरात घसरल्या तेव्हा डोक्याचा सीटी स्कॅन झाला होता, असे तूच या यादीवर कळवले होतेस. ती सीडी शोध. खळगा नवा की जुना, हे आईंची आठवण आणि तुझे बोट या दोहोंपेक्षा ती सीडी खात्रीने सांगेल.

वसुधा

प्रेषक: मेधा

वसुधामावशी, सीडी सापडली. भावाने ती विजेच्या बिलांच्या फायलीतून काढली. तिच्यासोबतच्या अहवालाच्या दुसऱ्या पानावर, सर्वांत शेवटी, 'दोन्ही पॅरायटल हाडे पातळ, आतला पापुद्रा अखंड' असे एका ओळीत लिहिलेले आहे. त्या दिवशी आम्ही पहिल्या पानावरचे 'रक्तस्राव नाही' एवढेच वाचून पेढे आणले होते. तुम्ही विचारलेल्या लक्षणांपैकी आईला एकही नाही.

सुनीताताई, व्यवस्थापकांना लिहिल्यावर जीएमएस-३ त्याच दिवशी स्वीकारला गेला आणि गुरुवारची वेळ मिळाली. अहवालाची प्रत सोबत नेत आहे. रक्ततपासणी इथे करायची की पुण्यात, ते डॉक्टरांना विचारूनच ठरवीन.

श्रीकांतदादा, 'कोणत्याही डॉक्टरांनी पूर्वी काही सांगितलेले नाही' हे वाक्य मी विम्याच्या बाईंना दोनदा वाचून दाखवले होते. आज पुन्हा फोन करून ते मागे घेतले. स्मरणिकेत पुढच्या वर्षी तिसरे पान वाढवावे.

जो येतो तो बोट घालून पाहतो म्हणून आईने कालपासून डोक्याला हात लावू देणे बंद केले आहे. तेल ती स्वतःच लावते.

मेधा